महादेवाच्या अंगावरची काजळी

भर सभागृहात मी सुनेच्या ओंजळीतलं तीर्थ उडवलं, ही गोष्ट खरी आहे. ती मी कधी नाकारली नाही. पण लोक तेवढंच सांगतात. म्हातारा चक्रम आहे, अडाणी आहे, देवाधर्माचं काही ठेवलं नाही, पोराची मान खाली घातली, इथपर्यंत सांगतात आणि थांबतात. पुढचं कुणी सांगत नाही, म्हणून मी लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन चुकेल, ते सांभाळून घ्यावं. बाकी काही सांभाळून घ्या असं माझं म्हणणं नाही.

साल दोन हजार पाच. मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीवर होता. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी घरात पाळणा नव्हता, आणि नवव्या वर्षी सुनेला दिवस गेले. बाळंतपणासाठी आम्हा दोघांना त्यानं बोलावून घेतलं. आमच्या घरातलीनं त्या नातवंडासाठी उपास-तापास काय कमी केले? शेवटी महादेवाला नवस बोलली होती की दिवस गेले, तर शिवरात्रीला सुनेला तुझं तीर्थ पाजीन. सातवा महिना लागला आणि शिवरात्र आली. देवानं शब्द पाळला, आता आपण पाळायचा, एवढंच तिच्या डोक्यात. तिचं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही.

मुलगा राहायचा ते जुन्या गिरण्यांचं शहर. अर्ध्या तासावर श्रूजबरी, तिथं आपल्या लोकांची मोठमोठी घरं. पण नवीन आलेली पोरं भाडं परवडतं म्हणून ह्या शहरात राहायची. लाल विटांच्या गिरण्या बंद पडलेल्या, त्यांच्या खोल्या करून भाड्यानं दिलेल्या. सगळ्या बंद नव्हत्या मात्र. आमच्या खिडकीतून एक धुराडं दिसायचं आणि ते चालू होतं.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. साखर कारखान्यात बत्तीस वर्षं बॉयलरवर काढली. राख ओढण्यापासून सुरुवात केली, फायरमन झालो, मग तोंडी परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंट. साहेबानं विचारलं, धड लिहिता येत नाही, वाफेचं काय कळणार तुला? म्हटलं, साहेब, वाफेलापण लिहिता येत नाही. पास केलं. गवळी दुधात बोट बुडवून पाणी किती ते सांगतो, तसा मी धूर बघून आत काय जळतंय आणि जाळणारा जागा आहे का झोपलाय ते सांगतो.

पहिल्याच आठवड्यात मुलाला म्हटलं, "त्या धुराड्याखाली काळं तेल जळतंय. आणि जाळणारा आळशी आहे, हवा कमी सोडतोय."

"आप्पा, इथं सगळं कंट्रोल्ड असतं. सेन्सर असतात."

"सेन्सरला सांग माझ्याशेजारी येऊन बसायला."

सून हसली, मुलगा नाही हसला.

पहाटे पाचच्या सुमाराला ते धुराडं दहा-पंधरा मिनिटं एकदम काळंकुट्ट ओकायचं आणि मग गप्प. मला ते सांगायला कुणी नको होतं. बॉयलरच्या नळ्यांवर काजळी बसते, ती वाफेचा झोत मारून झाडावी लागते. झाडली की सगळी धुराड्यातून वर. पहाटेच का? कारण लोक उठलेले नसतात. उजाडेपर्यंत आभाळ स्वच्छ. हे मला कसं माहीत, तर बत्तीस वर्षं मीपण तेच केलं. हे लपवून लिहिण्यात काय अर्थ आहे.

त्या हिवाळ्यात बर्फ पुष्कळ पडला. मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. पहिल्या दिवशी मी खिडकीपासून हललो नाही, हे कबूल करतो. मुलाचे मित्र यायचे, सगळे सांगायचे, "काका, काय क्लीन हवा आहे ना? आपल्याकडे शर्टाची कॉलर एका दिवसात काळी होते. इथं चार दिवस घाला." मी म्हणायचो, तुम्ही घरातून गाडीत आणि गाडीतून ऑफिसात. कॉलर काळी व्हायला माणूस बाहेर तर पडला पाहिजे. त्यांना वाटायचं, म्हातारा गंमत करतो.

शिवरात्र आली मंगळवारी. पण तिकडं देवांना शनिवारपर्यंत थांबावं लागतं. तिथल्या आपल्या लोकांच्या मंडळाचा कार्यक्रम आमच्याच शहरातल्या एका चर्चच्या तळघरातल्या सभागृहात होता. मंडळाचे अध्यक्ष श्रूजबरीला राहणारे, पंचावन्नच्या आसपासचे, केमिस्ट्रीतले डॉक्टर. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांच्या अडीअडचणीला धावायचा. त्यांच्या डोक्यातून कल्पना निघाली की एवढा बर्फ पडलाय, तर अमरनाथासारखं बर्फाचं शिवलिंग करू. पोरं खूश, बाया खूश, फोटो काढणारे तर फारच खूश.

एक म्हाताऱ्या मावशी होत्या, नागपूरकडच्या. त्यांनी शंका काढली, "अहो, शंकराच्या पिंडीवरचं तीर्थ घेत नाहीत ना? शिवनिर्माल्य आहे ते."

अध्यक्ष म्हणाले, "मावशी, स्वयंभू लिंगाला तो नियम नाही. बर्फाचं लिंग स्वयंभूच की."

स्वयंभू! सकाळी दोन जण सभागृहाच्या मागच्या अंगणात लाल प्लास्टिकचं फावडं घेऊन गेले, तिथला साचलेला बर्फ उकरला, बादल्यांनी आत आणला, मोठ्या परातीत दाबून दाबून पिंड केली आणि वरून काल रात्री पडलेल्या ताज्या बर्फाचा हात फिरवला. फावड्यानं केलेला स्वयंभू मी पहिल्यांदा पाहिला. पण पिंड दिसायला सुंदर होती, खोटं कशाला सांगू. दिव्याच्या उजेडात आतून निळसर दिसायची. घरातलीनं तर लांबूनच लोटांगण घातलं.

अभिषेक सुरू झाला. पुण्याचा एक तरुण, नोकरी बँकेच्या कॉम्प्युटरची, पण रुद्र पाठ आणि उच्चार खणखणीत. अध्यक्ष धार धरून बसले होते. मी पहिल्या रांगेत, गुडघ्यामुळे खुर्चीवर. सुरुवातीला वरचा ताजा बर्फ विरघळला. पाणी स्वच्छ. मग धार आत शिरली, जुन्या बर्फाला लागली आणि पिंडीच्या अंगावर एक करडी रेघ उमटली. मग दुसरी. मला वाटलं, सावली असेल. दुसरं आवर्तन संपेपर्यंत महादेवाची एक बाजू राखाडी झाली होती आणि परातीत उतरणारं पाणी तांदळाच्या पहिल्या धुवणासारखं गढूळ. तांदळाचं धुवण पांढरं असतं, हे काळपट होतं.

मी शेजारच्या माणसाला म्हटलं, "पाण्याचा रंग बघा."

तो म्हणाला, "भस्म लावलंय ना, काका."

भस्म लावलं होतं, खरंच. तीन बोटं. मी उठलो, नमस्काराच्या निमित्तानं पुढं गेलो, परातीच्या कडेला बोट लावलं आणि अंगठ्यावर चोळलं. राख मला कुणी शिकवू नये. भस्म कोरडं असतं, खरखरीत, चोळलं की पांढरं होतं आणि फुंकलं की उडतं. हे चिकट होतं. चोळलं तसं पसरलं, अंगठ्याच्या रेषांत जाऊन बसलं. नाकाला लावलं. थंड झालेल्या काळ्या तेलाच्या भट्टीचं दार उघडल्यावर येतो तोच वास. थोडा होता, पण होता.

मी मागं वळेपर्यंत आरती झाली आणि तीर्थाची रांग लागली. अध्यक्ष परातीतून पळीनं देत होते. पोरं पुढं घुसली होती, चार-पाच जणांनी घेतलंसुद्धा. घरातलीनं घेतलं. आणि तिनं सुनेचा दंड धरून तिला पुढं आणलं, "हिला आधी द्या हो, नवस आहे आमचा."

मी म्हटलं, "थांबा."

गडबडीत कुणाला ऐकू गेलं नाही. सुनेनं ओंजळ केली. पळी उलटली. तिनं हात तोंडाकडं नेला आणि मी खालून तिच्या हातावर हात मारला.

पाणी अध्यक्षांच्या रेशमी झब्ब्यावर गेलं. पळी खाली पडली, तिचा आवाज मला अजून आठवतो.

"अहो! काय केलंत हे!" घरातली ओरडली.

मी सुनेला विचारलं, "प्यायलीस का?"

"नाही, आप्पा."

"थेंब गेला असेल तरी थुंक."

असं मी देवासमोर बोललो. महादेवाच्या तीर्थाला थुंक म्हटलं. मुलानं मला कोपराला धरलं आणि बाहेर काढलं, दारूड्याला काढतात तसं. मी जाता जाता ओरडून सांगितलं, पोरांना देऊ नका, त्यात काजळी आहे. कुणीतरी म्हणालं, "काकांना बरं वाटत नाहीये बहुतेक." सभ्य लोक. शिवी दिली असती तर मी शिवीनं उत्तर दिलं असतं. बरं वाटत नाहीये म्हटल्यावर माणूस काय बोलणार?

घरात शिरल्यावर मुलानं तोंड उघडलं.

"आप्पा, तुम्हाला काही डाउट होता तर मला साइडला घेऊन सांगायचं ना! मारायचं काय हातावर?"

"तुला सांगितलं असतं तर तू समिती नेमली असतीस."

"ते पीएचडी आहेत, आप्पा. ते म्हणतात स्नो म्हणजे डिस्टिल्ड वॉटर असतं."

"आभाळात असेल. खाली येताना कशातनं येतं ते त्यांच्या पुस्तकात नाही का?"

"पाडव्याच्या प्रोग्रॅमला तुम्ही स्टेजवर सॉरी म्हणायचं. मी तसं कबूल करून आलोय."

"मग तूच म्हण."

घरातलीनं पिशवीतून एक प्लास्टिकची बाटली काढली, अर्धी भरलेली. मला बाहेर काढल्यावर तिनं मागं राहून तीर्थ भरून घेतलं होतं! बाटली स्वयंपाकघरातल्या कपाटातल्या देवांपाशी ठेवली आणि सुनेला म्हणाली, "सोमवारी सकाळी न्हाऊन घे." मग माझ्याशी बोलणं बंद. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी खूप भांडली, पण बोलणं कधी टाकलं नव्हतं.

आता बघा माझी अवस्था. बाटली ओतून द्यायला मला दोन पावलं लागली असती. पण तीर्थ कसं फेकायचं? हातावर मारलं ते मारलं, ते डोक्यात तिडीक गेली म्हणून. थंड डोक्यानं देवापुढची बाटली उचलून मोरीत ओतणं माझ्याच्यानं होईना. मी नास्तिक नाही. आणि सून मधल्यामध्ये. सासू म्हणते घे, सासरा म्हणतो मरशील. नवरा म्हणतो, तुला काय वाटतं ते कर. असल्या नवऱ्याचा मला फार राग येतो, मग तो माझा मुलगा का असेना.

रविवारी सकाळी मी एकटा चालत त्या सभागृहापाशी गेलो. गुडघ्यानं तासभर घेतला. मागच्या अंगणात लाल फावडं तसंच भिंतीला टेकलेलं. कंबरेइतका बर्फाचा ढीग होता. मी मुळा उभा चिरावा तशी एक बाजू उभी, सरळ तासली आणि मागं सरकून बघितली.

कुणीही बघून सांगितलं असतं. एक पांढरा थर, मग काळी रेघ. परत पांढरा, परत रेघ. बर्फ पडला की पांढरा, आणि पुढचा पडेपर्यंत जितके दिवस गेले तितकी रेघ जाड. एक रेघ तर बोटभर जाड होती, तेव्हा बारा-पंधरा दिवस बर्फ पडला नव्हता, माझ्या लक्षात होतं. सगळा हिवाळा तिथं लिहून ठेवला होता, माझ्यासारख्या चौथी नापासालाही वाचता येईल असा. आणि त्या ढिगाच्या वर, विटांच्या भिंतीपलीकडं, ते धुराडं.

सोबत नेलेल्या डब्यात मी एका रेघेतला बर्फ भरून घेतला. मग सुनेनं सोबत दिलेल्या मोबाइलवरून मुलाला फोन लावून म्हटलं, तुझ्या अध्यक्षांना घेऊन ये. मला माफी मागायची आहे. खोटं बोललो. त्याशिवाय ते आले नसते.

ते आले. झब्बा नव्हता, जाड कोट होता. मी तासलेली बाजू दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. ज्याला कळतं त्याचं तोंड लपत नाही. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं.

"काका," ते हळूच म्हणाले, "हे सगळ्या शहरांत असतं. इंडस्ट्री, गाड्या, हीटिंग. पण हे लिमिटमध्ये असतं. लोक मोजत असतात."

"लिमिट म्हणजे?"

"म्हणजे इतपत चालतं. इतक्यानं काही होत नाही."

"कुणाला होत नाही?"

"इन जनरल..."

"सात महिन्यांच्या पोटातल्या बाळाला किती चालतं ते सांगा. मला एक आकडा सांगा, मी आत्ता इथं नाक घासून माफी मागतो."

मी डबा पुढं केला. "हे वितळू द्या आणि प्या. लिमिटमध्ये आहे."

"आप्पा!" मुलगा म्हणाला.

"नाहीतर तुमच्या अंगणात का नाही केली पिंड? श्रूजबरीला बर्फ पडत नाही?"

"गाडीत वितळला असता, काका." हे मात्र त्यांनी खरंखुरं सांगितलं. मुद्दाम केलं असं मी म्हणतच नव्हतो. पण कळल्यावर काय करणार, हा माझा प्रश्न होता. त्यावर ते जे बोलले त्याचा मला आजही संताप येतो. म्हणाले, "काका, हे आता वाढवू नका. निम्मी पोरं इथंच राहतात, पॅनिक होईल. आणि आपण या देशात पाहुणे आहोत. पाहुण्यानं घरच्यांच्या चुलीबद्दल तक्रार करू नये."

मुलगा म्हणाला, "आणि माझं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे, आप्पा."

मला हसावं की फावडं फेकावं ते कळेना. हे शिकलेले लोक! एकाची पुस्तकं छापलेली, दुसऱ्याला महिन्याला एवढा पगार की मला मोजता येत नाही. पाहुण्यानं चुलीबद्दल बोलू नये, कबूल. पण पाहुण्याच्या पोराच्या ताटात चुलीतली राख पडत असेल, तर तो पाहुणा आहे की बांधून घातलेलं जनावर? कारखान्यात आमच्या युनियनचा साधा खलाशी, म्हणजे ओझी ओढणारा मजूर, मॅनेजरच्या टेबलावर मूठभर राख ठेवून यायचा. तू कुठल्या देशाचा, असं त्याला कुणी विचारत नव्हतं.

मी माफी मागितली नाही. चालत घरी आलो. पोरानं गाडी माझ्यामागं मागं हळूहळू आणली, मी बसलो नाही.

घरी मी माझं जुनं धोतर टरकावून त्याची चार पदरी गाळणी केली आणि डब्यातलं वितळलेलं पाणी त्यातून गाळलं. मधोमध वहाणेच्या अंगठ्याएवढा काळा डाग. आता हा डाग दाखवायचा कुणाला? त्या केमिस्ट्रीच्या डॉक्टरला दाखवून झालं. मुलाला दाखवून काय होणार. मग माझ्या डोक्यात आलं की या घरात काजळीतलं माझ्याहून जास्त कळणारं एक माणूस आहे.

कारण असं की कारखान्याच्या वसाहतीत आमचं घर धुराड्याच्या वाऱ्याच्या वाटेवर होतं. उसाच्या जळक्या चोयट्यांची, म्हणजे चिपाडांची, काळी पानं उडत यायची आणि वाळत घातलेल्या प्रत्येक कपड्यावर बसायची. तीस गळीत हंगाम तिनं ते कपडे धुतले. रोज माझ्या नावानं शंख. आणि मी काय म्हणायचो? म्हणायचो, कारखान्यावर पोट भरतंय आपलं, काजळी कसली बघतेस. लिमिटमध्ये आहे असंच मी तिला सांगत होतो की, फक्त मला तो शब्द येत नव्हता.

मी ती धोतराची चिंधी तिच्या धुण्यात टाकली. बोललो काहीच नाही. मळका कपडा तिला बघवत नाही, मग बोलणं बंद असो की चालू.

मी दाराआडून बघत होतो. तिनं आधी साध्या पाण्यात खळबळलं. निघालं नाही. साबण लावला. मग गरम पाणी. मग खायचा सोडा चोळला. डाग पसरला, फिका झाला, पण गेला नाही. तिनं चिंधी बोटावर ताणून उजेडात धरली, चिमटीत घासली आणि वास घेतला.

"हे कशाचं आहे?" भिंतीकडं बघून म्हणाली.

"तुझ्या बाटलीच्या तळाला आहे, तेच."

ती उठली, देवांपाशी गेली. बाटली एक दिवस आणि एक रात्र हलली नव्हती. वर पाणी निवळलं होतं आणि बुडाला काळी साय बसली होती. तिनं बाटली जराशी कलती केली, काळं एका बाजूला सरकलं.

"गंगेचं पाणीपण गढूळच असतं," ती म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

"गंगेचा गाळ धुतला की जातो."

तिनं बाटली सरळ केली. "तुमची काजळी आपटली की निघायची."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला एवढं मोठं सर्टिफिकेट दुसऱ्या कुणी दिलं नाही. तिनं ते रागानंच दिलं.

"मी तर घेतलं ते," ती म्हणाली.

"म्हातारी खोडं आपण. तुला काय होतंय."

"आणि ती पोरं प्यायली ती?"

तिनं बाटलीला हात जोडले, महादेवाला काहीतरी पुटपुटली आणि स्वतः मोरीत ओतली. बाटली तीनदा विसळली. सोमवारी तिनं गावाहून आणलेली पितळी पिंडी ताम्हणात घेतली, त्यावर पाणी घातलं आणि सुनेला ओंजळभर दिलं. त्याआधी मला विचारून गेली, "नळाचं चालेल ना?"

"उकळून घे," मी म्हटलं.

पाडव्याला मी गेलो. मुलाला वाटलं, आप्पा वितळले. तेच सभागृह, मागचा बर्फ तोवर गटारात गेलेला. अध्यक्षांनी गोड आवाजात जाहीर केलं, "काका दोन शब्द बोलणार आहेत." मी माइक घेतला. म्हटलं, तीर्थाला थुंक म्हटलं, त्याची माफी मी महादेवाकडं मागितली आहे. ते त्याचं आणि माझं झालं. हात मारला त्याची माफी मागणार नाही, परत वेळ आली तर परत मारीन. आणि तुम्हा आयांना सांगतो, या भागातला बर्फ पोरांना तोंडात घालू देऊ नका. त्यात समोरच्या धुराड्याची काजळी आहे, मी माझ्या बोटानं बघितली आहे, माझ्या बायकोनं धुऊन बघितली आहे...

इथं माइक बंद झाला. कुणी केला ते मी बघितलं नाही. "धन्यवाद काका, आता आपल्या छोट्या दोस्तांचा नाच," असं जाहीर झालं आणि टाळ्या पडल्या.

मी ताट घ्यायला रांगेत उभा राहिलो. खरं सांगतो, तेव्हा मला वाटलं, झालं, संपलं. तेवढ्यात एक तरुण बाई आली. चार वर्षांचं पोर कडेवर, अंगानं जरा मोठंच होतं कडेवर घ्यायला.

"काका, ह्यानं त्या दिवशी तीर्थ घेतलं होतं. दोनदा मागून घेतलं. आणि अख्खा विंटर बाहेर बर्फ खातो, आम्ही हसून फोटो काढतो. काही होईल का हो ह्याला?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मला सांगता येईना! काजळी ओळखणं माझं काम. ती पोटात गेल्यावर काय करते, कोणत्या डॉक्टरला काय विचारायचं, रक्त तपासायचं का, ह्यातलं मला अक्षर माहीत नाही. माझ्या अडाणीपणाची लाज मला आयुष्यात तेव्हा एकदाच वाटली. आणि ज्याला माहीत होतं तो माणूस दहा पावलांवर श्रीखंड-पुरी खात उभा होता.

मी तिला घेऊन त्यांच्यासमोर गेलो.

"साहेब," मी म्हटलं, "ह्या मुलानं दोनदा घेतलंय. ह्याच्या आईला लिमिट सांगा."

"काका, आपण नंतर..."

"मी जेवायचा थांबतो. तुम्ही सांगा."

माझा मुलगा शेजारी येऊन उभा राहिला. मला वाटलं, परत कोपर धरणार. धरलं नाही. म्हणाला, "सर, मलापण ऐकायचंय. माझी बायको एट्थ मंथमध्ये आहे."

अध्यक्षांनी मुलाकडं बघितलं, त्या पोराकडं बघितलं. ताट खुर्चीवर ठेवलं. मग बोलायला लागले, आधी मराठीत, मग इंग्रजीत. मला त्यातलं चार आणे कळलं. पण त्यांचा आवाज आता माइकवरचा नव्हता, कामावरचा होता. कुठली तपासणी करून घ्यायची ते त्यांनी कागदी रुमालावर लिहून दिलं. ते वाचून दुसरी बाई आली, मग तिसरी. एकीनं विचारलं, शहराच्या ऑफिसात कुणाला लिहायचं? मुलगा म्हणाला, ड्राफ्ट मी करतो.

रुमाल संपले तेव्हा मी टेबलावरून आणखी आणून ठेवले.